वहीतली ग्रीक नगरपालिका

बाबा, लॉफ्ट आवरताना आईला तुमची निळी वही सापडली. मी मिल्टन कीन्सहून इकडे लीड्सला आईकडे पोचले तेव्हा तिने ती पिशवीत बांधूनच ठेवली होती. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आई आता चौऱ्यांशीची आहे, पण तिचा प्रश्न बदललेला नाही. "जाऊन बघून ये एकदा. ती ग्रीक बाई कोण होती, ते मला मरायच्या आधी कळू दे."

ही वही मी पंधराव्या वर्षी तुमच्या ड्रॉवरमध्ये पाहिली होती. एका ग्रीक खोऱ्याचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर देवनागरीत गावांची नावं, झरे, तंबाखूची शेतं, दोन दारांची शाळा. पुढे इतिहास: समुद्रापलीकडून निर्वासित कसे आले, रिकाम्या घरांत कसे राहिले, सरकारने गावांची नावं बदलली तरी म्हाताऱ्या घरात जुनीच कशी घेत. सगळं तुमच्या डॉक्टरी पद्धतीने, पेशंटची हिस्टरी घ्यावी तसं. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ११. हा घराचा नंबर, हे मी लगेच ठरवून टाकलं. तेवढ्यात तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. "ठेव ते. ते माझं नाहीये." तुम्ही एरवी आवाज चढवत नसत, म्हणून माझा संशय आणखी बळावला. अक्षर तुमचं, वही तुमची, मग माझं नाहीये म्हणजे काय? अथेन्सला कॉन्फरन्सला तुम्ही एकदा जाऊन आला होतात, ते मला तेव्हाच आठवलं.

मग मी पाळतच ठेवली. दर रविवारी दुपारी तुम्ही "वॉर्डवर जाऊन येतो" म्हणून निघता. आई मसालेभात झाकून ठेवते. एकदा येताना तुम्ही फडक्यात बांधलेली सुकी पानं आणलीत, ओव्यासारख्या वासाची. "पेशंटने दिलीत," म्हणालात. आईने ती हुंगली आणि डब्यात भरून ठेवली. पुढच्या रविवारी तुम्ही गेल्यावर मी हॉस्पिटलच्या स्विचबोर्डला फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, डॉक्टर आज ऑन-कॉल नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं, "बाबा हॉस्पिटलमध्ये नाहीयेत." वहीतल्या ग्रीक गावाचंही सांगून टाकलं. आईने गॅस बंद केला, तो डबा उचलला आणि बिनमध्ये रिकामा केला. त्यानंतर तिने रविवारी तुमचं ताट वाढलं नाही, आणि तुम्हीही एका शब्दाने विचारलं नाही. गुन्हा कबूल असल्याशिवाय माणूस इतका गप्प बसत नाही, असं मी कित्येक वर्षं धरून चालले.

मे महिन्यात मी वही घेऊन ग्रीसला गेले. तुमच्या खोऱ्यातली ती सगळी गावं आता एका नगरपालिकेखाली आलीत. नगरपालिका नावालाच, नगर कुठे दिसत नाही; डोंगर, मेंढ्या, आणि मधोमध भलंमोठं तळं. तुमच्या नकाशात तळं नव्हतं. ऑफिसातल्या बाई माझ्याच वयाच्या, इंग्रजी बोलणाऱ्या. मी एकेक नाव वाचत गेले तशा त्या खुर्ची ओढून जवळ आल्या. "ही नावं माझी आजी घ्यायची. कागदावर कुठेच नाहीत." मग शाळेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे गाव तळ्याखाली आहे. धरण झालं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तुझ्या वडिलांनी हे पाहिलं कसं?"

तुम्ही तेव्हा साताऱ्याकडे शाळेत होतात, बाबा. मी अकरा नंबरचं घर विचारलं. त्या हसल्या. त्या गावात घरांना नंबरच नव्हते.

तिथे त्या खुर्चीत मला तुमचं जेवणाच्या टेबलावरचं बोलणं आठवलं. पेशंटचं नाव तुम्ही घरात कधी घेतलं नाहीत, फक्त खाटेचा नंबर. "सातला आज बरं वाटतंय." "चार घरी गेले." आणि एका हिवाळ्यात, भाजी वाढून घेता घेता, "अकरा गेल्या आज." त्यानंतर तुम्ही रविवारी घरीच बसायला लागलात. आईला वाटलं, भांडण झालं असेल त्या बाईशी. मलाही तेच वाटलं. म्हाताऱ्यांच्या वॉर्डातली, भेटायला कुणी न येणारी एक म्हातारी आपलं बुडालेलं गाव सांगत होती आणि तुम्ही लिहून घेत होतात, एवढंच ते होतं.

पण माझा स्वभाव काही सुटत नाही. तुमचंही गाव धरणात गेलं. त्याचा एक झरा, एक वाट तुम्ही आम्हाला सांगितली नाहीत. तिला सांगितली असणार, अशी माझी खात्री आहे, आणि याचा मला आम्ही रचलेल्या त्या बाईपेक्षा जास्त राग येतो. आम्ही विचारलं नाही, हेही खरं.

परवा आईचा फोन आला. "सापडली का गं ती?" मी म्हणाले, "नीट ऐकू येत नाहीये, आई." खरं सांगायचं तर मला पहिल्यापासून सांगावं लागेल. त्या रविवारी स्विचबोर्डची बाई ऑन-कॉल नाहीत एवढंच सांगून थांबली नव्हती. "पण थांब हं, लव्ह, वॉर्डवर असतील, लावून देते," असंही ती म्हणाली होती. तिकडे घंटा वाजायला लागली होती, बाबा. मी फोन ठेवून दिला.