कांद्याच्या सालींपासून सुरुवात

मी, खाली सही करणारी, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, हे कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. देवाच्या दयेने डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत.

१. राहतं घर व बँकेतली ठेव मुलगा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. भांडू नये, भांडण्याइतकं त्यात काही नाही.

२. मागची पडवी मात्र सुनेची. मुलाने तिथे स्कूटर लावू नये. पडवीतलं कापड रंगवायचं पातेलं, तुरटीची बरणी, वाळवलेल्या साली आणि गंजक्या खिळ्यांच्या पाण्याची बाटली हेही तिचंच. त्या पाण्याने पिवळा रंग शेवाळी होतो. मुलीने एकदा ते ओतून बाटली लख्ख घासून ठेवली. तिला माफ केलं आहे, पण पातेलं मिळणार नाही.

३. शेजारीपाजारी कांद्याच्या साली मागत फिरते म्हणून जाऊबाई मला ‘सालबाई’ म्हणत. पुढे त्यांनीच विचारलं, “ही साडी कुठून घेतलीस गं?” म्हटलं, “तुमच्याच केराच्या टोपलीतून.” ती साडी त्यांना द्यावी.

४. माझ्या यजमानांचा पिवळा सदरा कोणाला देऊ नये. तो माझा पहिला प्रयोग, हळदीचा. उन्हात वाळता वाळता पाठ पांढरी पडली. हे तोच घालून कचेरीत गेले. साहेबांनी विचारलं तर म्हणाले, “घरचा आहे, अजून शिकतोय.” अजूनही तो हातात घेतला की हसू येतं, मग येत नाही.

५. सुनेला हे काम शिकायचं आहे. पण म्हणते, “आई, तुमच्यासमोर नको. तुम्ही नावं ठेवता.” ठेवते. पण मी गेल्यावर अडलं तर विचारणार कोणाला? म्हणून अट: शेवटी माझ्यावर पांघरायचं वस्त्र तिने रंगवावं, तरच पडवी तिची. ते आधीच तयार हवं, त्या दिवशी पातेलं चढवायला कोणाला सवड नसेल. सुती कापड, आधी तुरटीचं पाणी, मग कांद्याच्या साली. हळद नको. डाग पडले तर पडू देत. आज बोलेन, त्या दिवशी बोलणार नाही.

वरील कलम सुनेला आताच वाचून दाखवलं. तिने तुरटीची बरणी उचलून किती उरली आहे ते पाहिलं. मग म्हणाली, “आई, जुनी चादर चालेल का? नव्यातली खळ निघायला वेळ लागतो.”

चालेल.

सही: (स्वतःची)
साक्षीदार: समोरचे शिंपीकाका, डॉक्टरीणबाई. दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या.
स्थळ: मागची पडवी
दिनांक: ८ मार्च, सकाळी