गाडी डावीकडे ओढते

६ ऑक्टोबर, रविवार
गाडी डावीकडे ओढते. साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरते. गाडी २००६ची, तेव्हा आश्चर्य नाही. आश्चर्य सूनबाईंच्या निदानाचे. दक्षा म्हणते, गाडीला काही झालेले नाही, बाबांचा डावा हात कापतो. किंजलला त्यांच्याबरोबर शाळेत पाठवायची तिला भीती वाटते. ह्यांनी एकतीस वर्षे एस.टी. चालवली. विनाअपघात सेवेचा बिल्ला कपाटात आहे. दक्षाला अजून रिव्हर्स जमत नाही.
मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. दोष शोधायची रीत असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे. पंधरा दिवसांत छडा लावीन. तोवर नात आजोबांबरोबरच जाईल.

९ ऑक्टोबर, बुधवार
हवा तपासली. पुढच्या डाव्या टायरमध्ये चार पौंड कमी. सापडला दोष. जेवताना दक्षाला ऐकवले.
संध्याकाळी ६. हवा सारखी केली, ह्यांनी गाडी फिरवून आणली. ओढते.

१४ ऑक्टोबर, सोमवार
तलासरीला चिमणभाईंच्या गॅरेजात पुढच्या दोन चाकांची अदलाबदल करून घेतली. दोष टायरचा असेल तर गाडी आता उजवीकडे ओढायला हवी. चिमणभाईंना हे दोनदा समजावले. ते म्हणाले, बेन, मला पण ठाऊक आहे.
परत येताना डावीकडेच.
चहा पिताना ह्यांची कपबशी वाजते. टेबलाचा एक पाय आखूड आहे. खाली पुठ्ठा घातला.

२० ऑक्टोबर, रविवार
वापीला अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. छापील कागद मिळाला, सगळे आकडे हिरवे. तरी थरथर तीच. म्हणजे रस्ता! पाणी जावे म्हणून आपल्याकडचे रस्ते कडेला उतरते करतात. गाडी उताराकडे जाणारच. गुजरातचे रस्ते चांगले, हे इथे शेंबडे पोरही सांगते. म्हणून तिथेच, घरी परतायच्या आधी, उलट दिशेने दहा किलोमीटर जाऊन पाहिले.
डावीकडे. गुजरातचे रस्तेही आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.

२९ ऑक्टोबर, मंगळवार
बँकेत ह्यांची डावखुरी सही जुळली नाही. साखळीला बांधलेल्या पेनाने कुणाची जुळते? चांगले पेन विकत घेतले. तिसऱ्या खेपेला कारकुनाने माझ्याकडे बघून पास केली.
रात्री जेवताना दक्षाने डॉक्टरांचा विषय काढला. मामंजींचे, म्हणजे ह्यांच्या वडिलांचे, उदाहरण दिले. मामंजींचा आधी हात हलू लागला, मग पाय अडखळू लागले, मग नऊ वर्षे खाट. त्यांना भरवले, धुतले, दर दोन तासांनी कुशीवर वळवले ते मी. तो आजार कसा दिसतो हे मला कुणी शिकवू नये. ह्यांचे तसे नाही. विषय संपवला. आमचा दिपेश नेहमीप्रमाणे आई आणि बायकोच्या मध्ये मान खाली घालून जेवला.

७ नोव्हेंबर, गुरुवार
आज चिमणभाईंनी स्वतः गाडी चालवली, मी शेजारी. हायवेला ऐंशीवर त्यांनी क्षणभर दोन्ही हात सोडले. गाडी दोरी लावल्यासारखी सरळ. थरथर नाही. मला नवल वाटले नाही. शाळा तपासायला साहेब आले की सगळ्यात दंगेखोर वर्ग असाच शहाणा होतो.
गॅरेजात परत आल्यावर चाकांना हात लावून पाहिले. ब्रेक चिकटत असेल तर चाक तापते. एकही तापले नव्हते. चिमणभाई बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, “बेन, आता बदलायला एकच वस्तू राहिली.”
आणि बाहेर बघत बसले. बाहेर बाकावर हे चहा घेत होते, पेला दोन्ही हातांनी धरून.
मी म्हटले, मग मागवा ना स्टिअरिंग रॅक, वाट कशाची बघता? ते मागवतो म्हणाले.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
चाके वळवणारा नवा रॅक बसला. जुनाही शाबूत होता, असे चिमणभाई म्हणाले. आता बदलायचे काही उरले नाही, म्हणजे दोषही उरला नाही. येताना थोडी थरथर जाणवली. नवीन वस्तू रुळायला वेळ घेते.
शनिवारी किंजलला घेऊन महालक्ष्मीच्या देवळात जायचे ठरवले. दक्षा नको म्हणाली. मी तिला अलाइनमेंटचा कागद दाखवला.

१६ नोव्हेंबर, शनिवार
रानशेतच्या पुढे मोरीच्या कठड्यावर एक म्हातारा बसला होता. समोरून काही येत नव्हते. रस्ता सरळ होता. गाडी डावीकडे जात राहिली. मी “अहो” म्हटले. ब्रेक लागला, पण उशिरा. म्हाताऱ्याने मागे शेतात उडी टाकली. चाक कठड्यावर आदळले. किंजल मागच्या सीटवरून पुढे आली, कपाळाला टेंगूळ.
म्हाताऱ्याचे नाव काकड्या. घोटा मोडला. भात अजून अर्धे कापायचे आहे त्याचे. रिक्षा करून दवाखान्यात नेले. वाटेत त्याला सांगितले की रॅक नीट बसवलेला नसणार, मी मेकॅनिकला सोडणार नाही. रॅक म्हणजे काय तेही सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “बाई, मी बाबाकडंच बघत होतो. हात वळलाच नाय त्यांचा.”
दुखण्यात माणूस काहीही बोलतो.
दुपारी चिमणभाईंना फोनवर वाट्टेल ते बोलले. त्यांनी म्हातारा कसा आहे, पोरगी कशी आहे, एवढेच विचारले.

१७ नोव्हेंबर, रविवार
किल्ली खिळ्यावर नव्हती. ह्यांनी सकाळीच दिपेशला देऊन टाकली. मी कारण विचारले. हे अंगणात बसले होते, डावा हात मांडीखाली दाबून.
“मालू, गाडी बरी आहे. मला वर्षभर माहीत आहे.”
मग मला का सांगितले नाही?
“तू किती जोरात कामाला लागली होतीस. म्हटलं, हिचं होऊ दे.”
मी म्हटले, रॅक पुन्हा उघडून बघायला हवा. हे म्हणाले, आधी पोरीचं कपाळ बघ.
बघितले. काळेनिळे झाले आहे. दक्षा मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर मला उत्तर देता आले असते.

२५ नोव्हेंबर, सोमवार
वलसाडच्या डॉक्टरांची वेळ अकराची. दिपेशने रजा काढली. तोच चालवत होता, हे त्याच्या शेजारी, मी मागे. सवयीने काट्यावर लक्ष ठेवले. साठ. सत्तर. पंचाऐंशी. स्टिअरिंग स्थिर. दिपेशने चष्मा सारखा करायला एक हात काढला, तरी गाडी आपल्या रेषेत.
हायवेला धूळ फार, म्हणून चारही काचा बंद होत्या. ह्यांच्या शर्टाची डावी बाही हलत होती. वलसाड येईपर्यंत.