बाथरूमची खिडकी

अहो,

मी ड्युटीला निघाले. आज गिझर लावू नका, पाणी शेगडीवर तापवून घ्या. काल आंघोळीत आलेली चक्कर पित्ताची नव्हती. शेजारच्या काकूंनी तुमच्या गाण्याला नावं ठेवल्यापासून तुम्ही खिडकी बंद करून गाता आणि गॅस गिझरचा विषारी वायू आतच कोंडतो. दुपारी मेकॅनिक येऊन गिझर बाहेर बाल्कनीत बसवेल.

काकूंना मी रात्रीच सगळं सांगितलं. घाबरून म्हणाल्या, "अगं बाई, गाऊ दे त्यांना! मी टीव्हीचा आवाज वाढवीन."

तेव्हा उद्यापासून खिडकी सताड उघडी ठेवा आणि मोठ्याने गा. तुमचा आवाज येत राहिला, की मला स्वयंपाकघरात निवांत चपात्या लाटता येतात.

सुनयना