मागून येणारं वजन

३ नोव्हेंबर
मुर्रीच्या नव्या घरात आलो. हवा झकास! पोती वाहत वाहत स्वतःची राइस मिल उभी केली, पण पोट मिलपेक्षा वेगानं वाढलं. धानाच्या काट्यावर उभा राहिलो: एकशे चार किलो. हमाल म्हणाले, सेठ, चाळीस किलोचे अडीच कट्टे भरले ना जी! वीस किलो उतरवा नाहीतर हृदय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलंय. उद्यापासून पहाटे पाचला चालणं, भात एक वाटी. चार दिवस टिकलं तर गावजेवण घालीन, असं ओमेश्वरी म्हणाली. बायको आहे, बोलणारच.

४ नोव्हेंबर
शिवेवर दगडांची रास आहे. जाणारा-येणारा एक दगड ठेवतो, थकवा तिथंच राहतो म्हणे. शेजारच्या शालीकरामांनी सांगितलं होतं, दगड ठेवायचा अन् गुमान निघायचं. बोलून काही द्यायचं नाही. मला गंमत सुचली. म्हणालो, दगड कायले, हे माझं अंगच घे.

११ नोव्हेंबर
सत्त्याण्णव! एक दिवस चुकवला नाही, गोडाला हात लावला नाही. फक्त एक खटकतं. माझे कान तिखट. मिलचा पट्टा सैल झाला तर दारातूनच ओळखतो. राशीपासून मागं पावलं वाजतात, उजवा पाय घासत. माझाही घासतो. वळलो. कोणी नाही.

१९ नोव्हेंबर
ब्याऐंशी. आता पुरे. आज निजून राहायचं ठरवलं. पाचला पाय आपोआप खाली उतरले, चपला शोधू लागले. मागची पावलं जड झालीत. धापही ऐकू येते. माझीच.

२५ नोव्हेंबर
एकसष्ट. तूप ओतून चार वेळा जेवतो. शालीकरामांना राशीपुढचं बोलणं सांगितलं. म्हणाले, किती घे ते सांगतलंच नाही? काऊन बोलले जी! राशीपुढं हात जोडले. वीसच, वीसच. मागं कोणीतरी हसलं — माझं हसू.

३० नोव्हेंबर
चौतीस. दार ढकलवत नाही. घरात पावलं —

२ डिसेंबर
काट्यावर उभा होतो. हमालानं काटा रिकामा समजून माझ्यावर धानाचा कट्टा ठेवला. कसाबसा सरकलो —

३ डिसेंबर
ओसरीत तो बसलाय, माझं अंग घेऊन. ओमेश्वरी चहा ओतते आहे. बरे दिसून राहिले आज, म्हणाली, मधे किती सुकले होते. मी अंगणातून हाक मारली. तिनं वर पाहिलं. म्हणाली, वारं येऊन राहिलं — उठली — दार लावते आहे — ओमे