नदीपलीकडची शाळा

दादा,

उठलास की आधी तोंड धू, मग हे वाच. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. कालचं ताट तसंच उचललं मी, आज तसं व्हायला नको.

काल ठकूला घेऊन दोन्ही सरकारी हायस्कुलं बघून आले. बाप म्हणून खरं तर तू यायचंस, पण असो. नदीपलीकडची शाळा कितीतरी उजवी आहे. तिथे प्रयोगशाळेत खरंच प्रयोग होतात, आणि गणिताच्या बाई ठकूशी गप्पा मारत बसल्या. आपल्या गल्लीमागच्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप आहे आणि विज्ञान खेळाचे सर शिकवतात. सांगताना हेडमास्तरांनाच हसू आवरेना.

तरी तुझी लेक गल्लीमागच्याच शाळेसाठी हटून बसली. मला वाटलं, मैत्रिणी जात असतील तिथे. तर एकही नाही. मग आठवलं, दोन्हीकडे तिने एकच प्रश्न विचारला होता : मधल्या सुट्टीत घरी जाऊ देता का?

परत येताना बसमध्ये म्हणाली, "आत्या, आई गेल्यापासून बाबा नुसते झोपून असतात. दुपारी कुणीतरी बघायला नको का?"



फॉर्मवर शाळेचं नाव मी घातलेलं नाही. ते तुम्ही दोघं ठरवा. माझी ड्युटी आहे, निघते. आणि हो, तिच्या दप्तरातली घराची किल्ली मी काढून घेतलीय. संध्याकाळी ती बेल वाजवेल.

— धाकटी