रहाटाची मापं

२ मार्च १९८४, शुक्रवार
१. चार वाजता बेनिटाबरोबर गच्चीवर रहाट जोडला.
२. टबात पाणी भरलं.
३. अकरा फेरे नीट.
४. बाराव्याला दोन्ही चाकांच्या खुंट्या एकमेकींत अडकल्या. मी जोर लावला. एक मोडली.
५. बेनिटा हसली नाही. म्हणजे प्रकरण गंभीर.

बेनिटा खालच्या मजल्यावर राहते, शाळेत इतिहास शिकवते. प्रदर्शन गुरुवारी, पंधराला. विषय – मध्ययुगीन भारत. तिच्या तक्त्यावर सुलतान आहेत, कागद आहे, चरखा आहे. चालता छोटा लाकडी रहाट माझ्याकडे. आडवं चाक बैलाऐवजी पोरं फिरवणार, ते उभ्याला फिरवणार, गाडग्यांची माळ वर येणार. गाडगी म्हणजे कॅमेरा-रोलच्या डब्या.

मी हो म्हटलं ते इतिहासासाठी नाही. आमच्या कंपनीचे डिझाइनप्रमुख विवेकसर प्रदर्शनाला येणार आहेत. डिझाइनमधली एक खुर्ची रिकामी आहे; मी अजून दुसऱ्यांचे आराखडे ट्रेस करते. "ट्रेसिंग उत्तम आहे तुमचं. स्वतःचं काही केलंय का?" असं विचारलं होतं त्यांनी. हे माझं उत्तर होतं.

३ मार्च
सगळी मापं पुन्हा तपासली. चूक नाही. तरी अडकतो.

५ मार्च
इथे आखातात, मीना सलमान बंदरावरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये रहिमतुल्ला पॅकिंगच्या पेट्या ठोकतात. मूळचे मुलतानकडचे. मोडकी खुंटी दाखवली. त्यांनी ती नखाने दाबली.
"कितना गॅप रखा, बीबी?"
"आधा मिलीमीटर."
"ये लोहे का हिसाब है. लकडी पानी पीती है. आपने उसके फूलने की जगह ही नहीं छोडी."
आराखडा दाखवला. म्हणाले, "कागज पे तो सब घूमता है."
राग आला. बरोबर होतं म्हणून जास्त.

९ मार्च, शुक्रवार
सकाळी ते गच्चीवर आले. खुंट्या रात्रभर पाण्यात ठेवायला सांगितल्या होत्या, त्या फुगलेल्या तासल्या. अंतर बोटाने मोजलं. मी मागून पट्टीने मोजलं – तीन मिलीमीटर, प्रत्येक वेळी.
त्यांचे आजोबा गावोगाव रहाट बसवायचे. त्यांना कुणी शिकवलं? त्यांच्या अब्बांनी. आणि त्यांना?
"बीबी, इतिहास की मॅडम उधर बैठी है."
बेनिटा म्हणाली, "माझ्या पुस्तकात सुलतानाचं नाव आहे रे बाबा, सुताराचं नाही."
दोनशे फेरे. अडकला नाही. पाणी आलं!

१५ मार्च, गुरुवार
पोरांची रांग लागली. "Miss, my turn!" विवेकसर वाकून पाहत राहिले.
"खुंट्यांमध्ये एवढी मोकळी जागा? हे डोकं कुणाचं?"
"माझं," मी म्हणाले.
रहिमतुल्ला मागे बादली घेऊन उभे होते. त्यांना मराठी कळत नाही. एवढं कळलं असावं. "यल्ला, चलो बच्चों, हटो. पानी डालना है," म्हणाले फक्त.

१६ मार्च
सरांचा फोन. खुर्ची माझी. बेनिटा म्हणाली, "चारू, चेहरा असा का गं?"

१७ मार्च, शनिवार
सरांच्या टेबलावर ठेवलेल्या पत्राची नक्कल:

रहाटाचा आराखडा माझा. त्या मापांनी तो अडकला. चालला तो रहिमतुल्ला यांच्या मापांनी. गुरुवारी मी खोटं बोलले. हे वाचून खुर्ची द्यायची की नाही, ते आपण ठरवावं. त्यांना मात्र पेट्यांवरून काढून पॅटर्न शॉपमध्ये, लाकडी साच्यांच्या कामावर घ्यावं, ही विनंती. दोन्हींचं उत्तर गुरुवार, २२ मार्चपर्यंत द्यावं.