माझ्यामागे सुमेधची व्यवस्था

मी, कु. कौसल्या तातेराव बोर्डे, वय सव्वीस, प्राथमिक शिक्षिका, राहणार जाफराबाद, जिल्हा औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. बिघाड आहे तो हृदयाच्या झडपेत. पुढच्या महिन्यात मुंबईला तिच्यावर शस्त्रक्रिया होईल. डॉक्टरांनी हमी दिलेली नाही, म्हणून आज लिहून ठेवते.

१. माझ्या पगारातून बांधलेली पत्र्याची खोली मी माझा भाऊ संपत याचा मुलगा सुमेध, वय सहा, याला देते. तो सज्ञान होईपर्यंत ती त्याची आई बेबीनंदा हिच्या ताब्यात राहील. 'सज्ञान होईपर्यंत' हे शब्द लिहिताना हात अडला होता, पण कायद्याला ते लागतात.

२. काचेच्या नळ्या, चिमटा आणि स्पिरिटचा दिवा बेबीनंदाला. सुमेधला मूत्रपिंडाचा विकार आहे. रोज सकाळी त्याची लघवी नळीत उकळून पाहायची. स्वच्छ राहिली तर बरे. फुटून पांढरी झाली तर अंगातले सत्त्व वाहून जात आहे आणि सूज येणार. हे मला नव्या जालन्याच्या बालरुग्ण साहाय्य मंडळाच्या दुर्गाबाईंनी शिकवले आणि मी बेबीनंदाला. घरात तपासणी करणारे शिकलेले माणूस असेल तरच मंडळ गोळ्या देते. आजवर कागदोपत्री ते माणूस मी होते. दुर्गाबाई, बेबीनंदा शाळेत गेलेली नाही, पण तिला पांढरे दिसते. नियमाकरिता गोळ्या थांबवू नका.

३. मंडळाचे उपकार मी विसरलेली नाही. दुष्काळाच्या साली सुमेधचे गाल भरले, पाय भरले, तेव्हा साऱ्या गल्लीने 'बाळसं धरलं' म्हणून कौतुक केले. माझ्या आईने, केशरबाईने, त्याची दृष्ट काढली. शेजारच्या चांगुणाबाई बेबीनंदाला म्हणाल्या, "काय खाऊ घालून राह्यली गं? आमच्या बी पोराला सांग." जिकडे तिकडे पोरांच्या बरगड्या दिसत असताना भरलेल्या पोराची शंका कुणाला येणार? त्याचे डोळे उघडेनात तेव्हा औरंगाबादच्या दवाखान्यात नेले. तिथे मंडळाने खाट मिळवून दिली. पुढे गोळ्या, दूध पावडर, एसटीचे भाडेही दिले.

तक्रार एकच. मंडळाच्या कॅलेंडरवर सुमेधचा तेव्हाचा फोटो आम्हाला न विचारता छापला आहे. दुर्गाबाई म्हणाल्या, "कौसल्या, लोक चेहरा बघून देतात." खरे असेल. पण तो चेहरा सुमेधचा नाही, सुजेचा आहे. नव्या वर्षी छापू नये.

४. चूल आणि सगळी भांडी बेबीनंदाला, आईला नाही. सुमेधला मीठ वर्ज्य आहे. आई म्हणते, "अळणी घास दुखवट्यात खात्यात. जित्या पोराला सुतकाचं खाऊ घालून राह्यल्या तुम्ही." आणि आमची पाठ फिरली की त्याच्या भाकरीत मिठाचा खडा. आई, तुझ्यावर माझा राग नाही. म्हणजे आहे, पण तो मी सोबत नेते.

५. पोस्टातली बचत बेबीनंदाच्या हाती द्यावी, संपतच्या नाही. दादा दारू पीत नाही, खोटे बोलत नाही. पण सुमेध सुजला की तो शहागडला ट्रकवर हमाली करायला निघून जातो. "मला बघवत न्हाई," म्हणतो.

"मंग आम्ही काय सिनेमा बघून राह्यलो का?" बेबीनंदाने एकदा विचारले. तो चप्पल घालून निघून गेला. सूज उतरल्यावर आला तो लेकासाठी खारे शेंगदाणे घेऊन.

६. माझी पुस्तके शाळेतल्या मुलींना वाटावीत. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. एकजण शिकले की मागच्यांचे सोपे होते, असे मी वर्गात सांगत आले. दवाखान्यात या शिक्षणाचा उपयोग एवढाच झाला की डॉक्टर आपसांत इंग्रजीत बोलले ते मला कळले. सुमेधला गोळ्या आता लागू पडत नाहीत. घरी येऊन मी तसेच सांगितले. आई म्हणाली, "तुला बराबर ऐकू आलं न्हाई." नळी रोज बेबीनंदाच पाहते. परवा तिने विचारले, "ताई, दिव्याचाच काही दोष असंल का?" मी दिवा बदलून दिला. तरीही कलम दोन मी खोडत नाही.

७. माझे अंत्यसंस्कार त्रिशरण-पंचशील म्हणून साधेपणाने करावेत. जेवणावळ घालू नये.

८. सुमेध माझ्याआधी गेला तर खोली कुणाची, हे लिहायलाच हवे, असे वकील भुजंगराव म्हणाले. लिहिते: बेबीनंदाची. मग मी त्यांना विचारले, मीच आधी जावे अशी अट घालता येते का? ते म्हणाले, "ताई, अट मालमत्तेला घालता येते." तेव्हा अट म्हणून नाही, शेवटची इच्छा म्हणून लिहिते. मी गेले तर त्याच्याजवळचे एक माणूस कमी होईल, हे मला कळते. पण मुंबईहून बरी होऊन यायचे आणि त्याच्या मातीला उभे राहायचे, एवढे माझ्याने होणार नाही. मी आधी जावे.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोरच सही केली.

कौसल्या तातेराव बोर्डे

साक्षीदार:
भिवा रंगनाथ हिवाळे (सही)
चांगुणाबाई किसन खरात (डाव्या हाताचा अंगठा)

जाफराबाद
२१ नोव्हेंबर १९७६